वुड्स होलची वाटचाल : माकुळापासून बेडकाच्या अंड्यापर्यंत

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वुड्स होल या गावी १८८८ च्या उन्हाळ्यात मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. बोस्टनमधील शिक्षणप्रेमी महिलांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. चार्ल्स ओटिस व्हिटमन पहिले संचालक. पैशाची चणचण मात्र पाठ सोडीना. १८९७ मध्ये खर्चावरून विश्वस्तांशी वाद झाले, १९०२ मध्ये संस्था कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये विलीन होण्याच्या बेतात होती. तरीही शास्त्रज्ञांनी तिची स्वायत्तता टिकवली.

केनेथ कोल व हॉवर्ड कर्टिस यांनी इथेच माकुळाच्या जाड चेतातंतूवर विद्युत मोजमापे केली; १९३८ मध्ये अ‍ॅलन हॉजकिन यांनी ती पाहिली. हॉजकिन व हक्सले यांनी १९५२ मध्ये इंग्लंडातून सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह वेगळे करून दाखवले. पुढे क्ले आर्मस्ट्राँग व फ्रान्सिस्को बेझानिया यांनी माकुळावरील कामातून १९७७ मध्ये सोडियम वाहिनीसाठी, म्हणजे पेशीपटलातील सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या दारासाठी, एक कल्पना मांडली : प्रथिनाचा गोळा साखळीने लटकतो आणि उघडी वाहिनी बुजवतो. होड्या घेऊन रोज ताजे माकूळ आणणाऱ्या कर्मचाऱ्यांशिवाय हे घडले नसते.

त्या कल्पनेची निर्णायक पारख मात्र वुड्स होलबाहेर, दुसऱ्या एका वाहिनीवर, बेडकाने केली. कॅलिफोर्नियात जॅन दांपत्याच्या प्रयोगशाळेने फळमाशीतील शेकर या पोटॅशियम वाहिनीचे जनुक १९८७ मध्ये वेगळे केले, आणि पुढच्याच वर्षी झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत ते बोलते केले. सुमारे एक मिलिमीटरची ही पेशी वरून काळपट, खालून पिवळसर. काचेच्या सुईने तिच्यात वाहिनीच्या जनुकाचा आरएनए टोचायचा, एक-दोन दिवस थंडाव्यात ठेवायचे. पेशी परकी वाहिनी स्वतः घडवते आणि दोन सूक्ष्म विद्युताग्रांनी प्रवाह मोजता येतो. अशाच अंडपेशींवर होशी, झागोटा व ऑल्ड्रिच यांनी १९९० मध्ये शेकरचा अग्रभाग कापून गोळा काढला, तेव्हा वाहिनी मिटेना. तोच तुकडा सुटा दिल्यावर ती पुन्हा मिटू लागली. जिवंत पेशीने दिलेला इतका स्वच्छ कौल विरळाच.

याच बेडकासाठी २०१० मध्ये वुड्स होलला राष्ट्रीय झेनोपस केंद्र उभे राहिले; अमेरिकी आरोग्य संस्थांनी त्याला निधी दिला. २०१३ मध्ये संस्था शिकागो विद्यापीठाशी जोडली गेली. आज या केंद्रात बेडकांचे जनुकबदल केलेले वंश जतन होतात, भ्रूणांवर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण मिळते आणि देशभरातील प्रयोगशाळांना बेडूक पुरवले जातात.