रॉची स्थापना (१९६८)

रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग ऊर्फ रॉ ही परदेशांतील गुप्तवार्ता गोळा करणारी भारताची स्वतंत्र संस्था २१ सप्टेंबर १९६८ रोजी अस्तित्वात आली. १९६२चे चीनयुद्ध आणि १९६५चे पाकिस्तानयुद्ध या दोन्ही प्रसंगी देशाला शत्रूच्या हालचालींचा अंदाज नीट आला नव्हता, आणि रॉचा जन्म त्या अनुभवातून झाला. तरी ती कोऱ्या पाटीवर उभी राहिली नाही. आधीच्या इंटेलिजन्स ब्युरोची (आयबी) परदेशविषयक शाखा कापून ती वेगळी केली गेली. तिचे यश आणि तिच्याविषयीच्या तक्रारी, दोन्ही समजून घेताना हे कापणे ध्यानात ठेवावे लागते.

आयबीचे मूळ १८८७ साली ब्रिटिशांनी स्थापन केलेल्या सेंट्रल स्पेशल ब्रँचमध्ये आहे. तिचे काम देशातल्या राजकीय हालचालींवर नजर ठेवण्याचे होते. परक्या सैन्याची मोजदाद हा तिचा प्रांत नव्हता. स्वातंत्र्यानंतर टी. जी. संजीवी पिल्ले तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५१च्या सुमारास हिंमतसिंहजी समितीच्या शिफारशीवरून परदेशी गुप्तवार्तेची जबाबदारीही तिच्याकडे आली. खाते पोलिसी वळणाचे आणि अधिकारीही पोलीस सेवेतले. मोर्चे, संघटना आणि पुढारी यांची खबर काढण्यात त्यांचा हात बसलेला होता. तिबेटच्या पठारावर किती तुकड्या सरकल्या आणि त्यांच्या मागे रस्ता कुठवर आला, हे सांगणे ही निराळी विद्या होती.

१९५० ते १९६४ अशी चौदा वर्षे बी. एन. मलिक संचालक होते आणि पंतप्रधान नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता. खबर आणणे आणि तिचा अर्थ लावणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी एकवटली. आपल्या पुढे सरकवलेल्या चौक्यांवर चीन बळाचा वापर करणार नाही, या घातक गृहीतकाला आयबीच्या अंदाजांचाही टेकू होता. २० ऑक्टोबर १९६२ रोजी ते गृहीतक कोसळले.

त्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. त्यांचा अहवाल सरकारने कधीच प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी परस्पर उघड केला. मात्र अहवालाचा गोषवारा देशाला आधीच मिळाला होता, तोही एका मराठी माणसाच्या तोंडून. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे ज्यांच्या दिल्लीला जाण्याविषयी म्हटले जाते, त्या संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत निवेदन केले. गुप्तवार्ता गोळा करण्याचे काम एकंदरीत समाधानकारक नव्हते, खबरा उशिरा येत होत्या आणि अहवाल मोघम होते, असे त्यांनी सांगितले. नवी माहिती जुनीशी ताडून पाहिली न गेल्याने शत्रूच्या जमवाजमवीचे चित्र स्पष्ट झाले नव्हते, हेही त्यांनी मांडले. मंत्र्याने सभागृहात आपल्याच सरकारच्या हेरखात्याविषयी इतके उघड बोलणे आजही विरळाच. नव्या संस्थेच्या नावात पुढे ‘अ‍ॅनालिसिस’ हा शब्द आला, त्याचे बीज या निवेदनातल्या निदानात दिसते.

१९६२नंतर लगेच झालेले उपाय डागडुजीचे होते. डायरेक्टरेट जनरल ऑफ सिक्युरिटी हे छत्र उभारून त्याखाली तिबेटी निर्वासितांतून घडवलेले स्पेशल फ्रंटियर फोर्स, सीमाभागातल्या गावकऱ्यांना तयार करणारा स्पेशल सर्व्हिस ब्युरो आणि विमानांतून टेहळणी करणारे एव्हिएशन रिसर्च सेंटर अशा शाखा निघाल्या. ओडिशातला चारबटिया विमानतळ या सेंटरचा मुख्य तळ झाला. अलिप्ततावादी भारताने या कामी अमेरिकेच्या सीआयएची मदत घेतली होती. त्या काळी हे मोठ्याने बोलण्यासारखे नव्हते.

पाकिस्तानने ऑगस्ट १९६५मध्ये ऑपरेशन जिब्राल्टर सुरू करून हजारो घुसखोर काश्मीर खोऱ्यात सोडले. त्यांची पहिली वर्दी देणाऱ्यांत तंगमर्ग भागातला एक तरुण गुराखी होता. पगारी यंत्रणेला जे आधी कळायला हवे होते ते त्याने पोलिसांना सांगितले. युद्ध बरोबरीत थांबल्यावर लष्कर म्हणाले की आम्हाला नेमकी माहिती मिळत नव्हती. आयबीचे म्हणणे पडले की आम्ही माहिती दिली होती, ती कोणी वापरली नाही. मार्च १९६६मध्ये मिझो टेकड्यांतल्या उठावाने सरकारला पुन्हा बेसावध गाठले. एकाच खात्याने घरातले आणि बाहेरचे दोन्ही सांभाळावे का, हा प्रश्न आता टाळता येत नव्हता.

इंदिरा गांधींनी १९६८ साली त्याचे उत्तर दिले. नवी संस्था गृहमंत्रालयाखाली न ठेवता मंत्रिमंडळ सचिवालयात ठेवली गेली. ‘विंग’ हे नावही त्याच हिशेबाचे आहे, कारण कागदोपत्री ती सचिवालयाची एक शाखा आणि तिचा प्रमुख तिथला एक सचिव. व्यवहारात तो थेट पंतप्रधानांना जबाबदार राहिला. आयबी ज्यांच्या अखत्यारीत होती ते गृहमंत्री त्या वेळी यशवंतराव चव्हाण होते. मोघम अहवालांची तक्रार संसदेपुढे ठेवणाऱ्या मंत्र्याच्या हातूनच गुप्तवार्तेचा परदेशी अर्धा भाग निसटला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. वाटणीत आयबीच्या माणसांनी कुरकुर केली, यात आश्चर्य नाही. सत्तेची नाडी गृहखात्यातून पंतप्रधानांकडे सरकवण्याचा भागही या निर्णयात होता, असे मानायला जागा आहे.

सुरुवातीला सुमारे २५० माणसे आणि वर्षाला सुमारे दोन कोटी रुपये एवढे बळ होते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव (१९१८–२००२) हे बनारसमध्ये जन्मलेले काश्मिरी पंडित. १९४० साली ते पोलीस सेवेत आले आणि नंतर आयबीत गेले. एप्रिल १९५५मध्ये बांडुंग परिषदेला निघालेले एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमान घातपाताने समुद्रात कोसळले. त्या तपासात भारताच्या बाजूने काव होते आणि चिनी पंतप्रधान चाउ एन-लाय यांनी त्यांचे कौतुक केले. दशकाच्या अखेरीस ते घानात गेले आणि एन्क्रुमांच्या सरकारला गुप्तचर यंत्रणा उभारून देण्याच्या कामी लागले. एव्हिएशन रिसर्च सेंटरचे पहिले प्रमुखही तेच. शून्यातून संस्था उभारण्याचा असा सराव दिल्लीत दुसऱ्या फारशा कोणाला नव्हता. मितभाषी, छायाचित्र टाळणारे आणि फावल्या वेळात घोड्यांची शिल्पे घडवणारे हे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीला पुढे ‘कावबॉइज’ म्हटले जाऊ लागले. दुसऱ्या क्रमांकावर पाकिस्तान विषयाचे जाणकार के. शंकरन नायर होते.

कसोटी तीन वर्षांच्या आत आली. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले तेव्हा मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रे पुरवण्यात रॉचा मोठा वाटा होता. सुजानसिंग उबान यांच्या स्पेशल फ्रंटियर फोर्सने चितगाव टेकड्यांत कामगिरी बजावली. त्या वर्षाचे श्रेय एकट्या रॉला देणे चूक ठरेल, पण लष्कर, परराष्ट्र खाते आणि हेरखाते एका दिशेने चालले, हे १९६२ आणि १९६५मध्ये घडले नव्हते.

ज्या थेट नात्याने रॉला बळ दिले त्याने तिला अडचणीतही आणले. पंतप्रधानांच्या इतक्या जवळची संस्था आणीबाणीनंतर संशयात सापडली. १९७७मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार आल्यावर काव यांचे पद गेले. नायर प्रमुख झाले, पण पदाचा दर्जा उतरवल्यामुळे थोड्याच महिन्यांत त्यांनीही राजीनामा दिला. खर्चाला कात्री लागली. नंतर एन. एफ. सनटूक यांनी संस्था सावरली.

युद्धानंतर असे खाते निघणे हा भारताचाच अनुभव नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातली ओएसएस ही संघटना १ ऑक्टोबर १९४५ रोजी मोडीत काढली आणि दोनच वर्षांत, १९४७च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यान्वये, सीआयए उभी केली. पश्चिम जर्मनीत हिटलरच्या लष्करातल्या राइनहार्ट गेलेन यांच्या संघटनेतून १९५६ साली बीएनडी निघाली. फरक कायद्याचा आहे. सीआयएचे अधिकार आणि मर्यादा संसदीय कायद्यात लिहिलेल्या आहेत. रॉ मात्र सरकारी आदेशाने निघाली आणि त्यावरच चालते. हा वारसा ब्रिटिश वळणाचा आहे. खुद्द ब्रिटनने आपल्या एमआय-सिक्सला १९९४पर्यंत कायद्याचा आधार दिला नव्हता. २००५च्या माहिती अधिकार कायद्यातूनही रॉ बव्हंशी वगळलेली आहे.

घर आणि बाहेर यांच्या मधली शिवण मात्र उसवतच राहिली. घुसखोर सीमेपलीकडे असतो तोवर रॉचा आणि अलीकडे आला की आयबीचा, अशी वाटणी कागदावरच सोपी असते. १९९९मध्ये कारगिलच्या शिखरांवर पाकिस्तानी सैनिक येऊन बसले तेव्हा माहितीचे तुकडे निरनिराळ्या टेबलांवर होते, त्यांची जुळणी झाली नाही. के. सुब्रह्मण्यम समितीने जवळपास तेच दोष मांडले, जे चव्हाणांनी १९६३मध्ये सांगितले होते. उपायही ओळखीचाच निघाला: २००२मध्ये डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आणि २००४मध्ये नॅशनल टेक्निकल रिसर्च ऑर्गनायझेशन अशा आणखी दोन संस्था स्थापन झाल्या. गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणू पाहणारे खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११ साली लोकसभेत मांडले. ते मंजूर झाले नाही.