छपरावरची वीज, शेतातली वीज आणि वीज कंपनीचा हिशेब

ग्राहकाच्या छपरावर किंवा शेतात तयार होणाऱ्या सौर विजेचे वीज कंपनीच्या लेखी मोल ती कोणत्या वेळी आणि कोणत्या फीडरवर येते यावर ठरते. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या कापूस-मक्याच्या गावात हा फरक चटकन लक्षात येतो. त्याची मुळे मात्र पॅनेल येण्याच्या बरीच आधीची आहेत.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले. सत्तरच्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी मोटारीच्या अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. बिल सोपे झाले, पण पंप नेमकी किती वीज ओढतो याची नोंदच उरली नाही. पुढे शेतीच्या वापराचे आकडे अंदाजाने धरले गेले आणि त्यावरून वाद झाले. सौर विजेचा हिशेब तासागणिक भारावर चालतो. ज्या फीडरवर ती सर्वाधिक उपयोगी, तिथलीच नोंद कच्ची राहिली.

2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. त्याच सुमारास भारनियमनाचा कहर झाला आणि गावठाण व शेती यांचे फीडर वेगळे करण्याच्या कामाला वेग आला. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळू लागली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी बॅटरी घेऊन मध्यरात्री बांधावर उभा, सापाचे आणि रानडुकराचे भय वेगळेच.

अशा फीडरवर सूर्य कंपनीला काय देतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत आधी झाला होता. कॅलिफोर्नियातील कर्मन या शेतीच्या भागात 1993 मध्ये 500 किलोवॅटचा प्रकल्प उभारून वाचलेले इंधन, तारांतली कमी झालेली गळती आणि रोहित्रावरचा हलका झालेला भार यांचे मोल वेगवेगळे काढण्यात आले. प्रकल्प वीज कंपनीचाच होता, तरी हिशेबाची ही रीत पुढे ग्राहकांच्या छपरांनाही लागू पडली.

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे विनियम सप्टेंबर 2015 मध्ये आले. ग्राहकाने दुपारी ग्रीडला दिलेले युनिट त्याच्या रात्रीच्या युनिटातून वजा होते. घरमालकाला हा सौदा फायद्याचा आहे. कंपनीची बाजू तितकी सरळ नाही. गावठाण फीडरवर भार चढतो तो दिवेलागणीनंतर, आणि तेव्हा छपरावरचे पॅनेल काहीच देत नाही. संध्याकाळसाठी तारा, रोहित्र आणि वीजखरेदी कंपनीला ठेवावीच लागते. शिवाय जास्त दराने वीज घेणारा ग्राहक कमी युनिट घेऊ लागला की शेतीच्या सवलतीचा भार उचलणारे हात घटतात. राज्य वीज नियामक आयोगाचे सुधारित विनियम 2019 च्या अखेरीस आले, त्या काळात ग्रीड वापराचे वेगळे शुल्क लावावे का, यावर वाद रंगला. कंपनीची तक्रार अगदीच पोकळ नव्हती, पण दिवसा वाचणारी खरेदी आणि गळती तिने आपल्या मांडणीत हातचे राखूनच धरली.

शेती फीडरवर चित्र उलटते. तिथला भार दिवसा सरकवता येतो, म्हणजे सूर्य आणि पंप एकाच वेळी चालतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये या तत्त्वावर सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची पहिली ठिकाणे. 2023 मध्ये दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळच्या प्रकल्पांतून सुमारे तीन रुपये युनिट दराने वीज मिळू लागल्याने महावितरणला हे गणित घरगुती छपरांपेक्षा सोयीचे वाटले.

2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकरी 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकरी 5 टक्के रक्कम भरतो. कंपनीची नवी लाइन आणि डीपी वाचते. पण हा पंप ग्रीडला जोडलेला नसतो. पावसाळ्यात विहिरीची मोटार बंद असते, तेव्हा पॅनेलवर तयार होऊ शकणारी वीज ना शेतकऱ्याच्या कामी येते, ना महावितरणच्या.