माशांची नाईट शिफ्ट

आमच्याकडे सपोर्टची पाळी बदलते तेव्हा पंधरा-वीस मिनिटं जो घोळ असतो तो विचारू नका. दिवसवाले निघायच्या घाईत, रात्रवाले अजून चहा पितायत, आणि सर्व्हर नेमका तेव्हाच झोपतो. अशाच एका संध्याकाळी मी एकदा जबरदस्त माती खाल्लीये. त्यामुळे एडमंड हॉब्सनबद्दल वाचलं तेव्हा हा माणूस एकदम आपल्यातला वाटला.

१९४३ साली कुस्तो आणि गान्यानने अ‍ॅक्वालंग बनवलं. त्याआधी प्रवाळातला मासा शास्त्रज्ञांना भेटायचा तो बहुतेक जाळ्यात, नाहीतर बरणीत. रात्री तो काय करतो हे बघणार कोण? १९६६ मध्ये स्टार्क आणि डेव्हिस या जोडगोळीने फ्लोरिडातल्या अ‍ॅलिगेटर रीफच्या माशांच्या रात्रीच्या सवयी सविस्तर छापल्या. हॉब्सन हवाईच्या कोना किनाऱ्यावर उतरला, आणि त्याने डोळे लावले ते थेट पाळी बदलण्याच्या वेळेवर. तिन्हीसांजेवर!

सूर्य कलला की दिवसपाळीचे मासे खाली येतात. काही रास वाळूत घुसतात, पॅरटफिश खाचांत शिरतात, त्यातले काही तर अंगाभोवती चिकट पिशवी विणून झोपतात. रात्रपाळीचे सोल्जरफिश (हवाईत यांना 'ऊऊ' म्हणतात!) मात्र अजून कपारीतच. लालभडक अंग, बटाट्याएवढे डोळे. पाण्यात लाल प्रकाश लवकर विरतो, म्हणून अंधारात हा लाल म्हणजे जवळपास काळाच.

आता गंमत बघा. दिवसवाले गेले, पण रात्रवाले बाहेर येत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं प्रवाळावरचं पाणी चक्क रिकामं. १९७२ च्या निबंधात हॉब्सनने या शांत वेळेचं कारण मांडलं: शिकारी. खालून वर बघितलं की उजळ आभाळासमोर छोटा मासा स्पष्ट दिसतो, पण त्याला खालच्या अंधारातला शिकारी दिसत नाही. तिन्हीसांजेला घराबाहेर रेंगाळू नको असं आजी सांगायची, तसाच प्रकार!

आणि कहर पुढेच आहे. १९७३ मध्ये मंझ आणि मॅकफारलंडने प्रवाळातल्या माशांच्या डोळ्यांतली रंगद्रव्यं तपासली. आपल्याला वाटेल, रात्रपाळीवाल्यांचे डोळे चांदण्यासाठी घडले असणार. छे! त्यांची रंगद्रव्यं जुळली ती संधिप्रकाशाच्या निळसर उजेडाशी. म्हणजे पोट भरायला अख्खी रात्र, पण डोळे घडले ते या जीवघेण्या मिनिटांसाठी. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून नुसता बसलो होतो.

काळोख दाटला की ऊऊ कपारीतून वर येतात आणि पाण्यात तरंगणारी खेकड्यांची पिल्लं वगैरे टिपत हिंडतात. पहाटे हाच सिनेमा उलटा. उजाडायच्या आत सगळे परत कपारीत, मग पुन्हा ते रिकामं पाणी, आणि मग कुठे दिवसवाले एकेक करून डोकं बाहेर काढतात.