यदृच्छा आणि तिची नोंद

यदृच्छेने केलेली निवड पुन्हा तशीच करून दाखविता येत नाही, असा सर्वसामान्य समज आहे. संख्याशास्त्राचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ साली ४१,६०० यादृच्छिक अंकांची सारणी प्रसिद्ध केली. ती छापील असल्यामुळे वाचनास कोणत्या पानावर व कोणत्या ओळीपासून आरंभ केला एवढे नोंदविले, की दुसऱ्या अभ्यासकास तीच निवड पुन्हा मिळे.

या तत्त्वाचा उपयोग आपल्याकडे शेतीत झाला. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने, आणेवारीच्या पद्धतीने होत असे. १९४० नंतरच्या दशकात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे यांनी यादृच्छिक पीककापणीची पद्धत रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. शेताच्या कोपऱ्यापासून किती पावलांवर कापणीचा तुकडा आखावयाचा, हे संख्या ठरवीत. कर्मचाऱ्याच्या आवडीनिवडीस तेथे वाव नसे आणि नोंदीवरून तपासनीसास ती जागा पुन्हा शोधता येई.

संगणकावरील पाठांत हाच प्रश्न आलेखांच्या रूपाने पुढे आला. ग्रेग विल्सन यांनी १९९८ साली आरंभिलेल्या ‘सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री’च्या परंपरेतील पाठ अनेक हात मिळून लिहितात व दुरुस्त करतात. त्या परंपरेतील ‘आर’ भाषेच्या पाठांत एकमेकांवर पडणारे ठिपके दिसावेत म्हणून ते यदृच्छेने किंचित विखुरले जातात. परिणामी पाठ नव्याने सिद्ध केला की चित्र बदलते. एखादे विरामचिन्ह सुधारणाऱ्याच्या नावावरही बदललेल्या आलेखांची रास जमते. खरी चूक कोणती व यदृच्छेचा खेळ कोणता, हे संपादकास ओळखता येत नाही. आणि पडद्यावर निराळे चित्र पाहून विद्यार्थी स्वतःलाच दोषी मानतो.

यावरील उपाय म्हणजे बीजांक निश्चित करणे. संगणकाच्या संख्या नियमाने निर्माण होतात. तेच बीज दिले असता तीच मालिका मिळते. टिपेटच्या सारणीतील पान व ओळ यांचेच हे नवे रूप होय.

परंतु केवळ बीज पुरेसे नाही. एप्रिल २०१९ मध्ये ‘आर’ची ३.६.० ही आवृत्ती आली, तेव्हा नमुना निवडण्याच्या जुन्या रीतीतील सूक्ष्म असमानता दूर करण्यात आली. ठिपके विखुरण्याच्या क्रियेस या बदलाची झळ लागली नाही. मात्र नमुना निवडून काढलेले आलेख बीज तेच असूनही बदलले. सारणीची नवी आवृत्ती निघून पान तेच, अंक मात्र निराळे, असा हा प्रकार होता. जुनी रीत मागून घेण्याची सोय ठेवली होती. पण ती मागण्यासाठी मूळ पाठ कोणत्या आवृत्तीवर सिद्ध झाला, हे ठाऊक असणे आवश्यक होते.

तात्पर्य, बीजांक, रीत व आवृत्ती या तिन्हींची नोंद पाठातच असावी. पाठ लिहिणारे हात बदलत राहतात; मागून येणाऱ्यास त्या नोंदीवाचून दुसरा आधार नसतो.