दुसऱ्या महायुद्धातील हवाई-सागरी बचावकार्य

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या पूर्व भागातील तळांवरून जर्मनीवर चालून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना जाता-येता उत्तर समुद्र किंवा इंग्लिश खाडी ओलांडावी लागे. शत्रूची लढाऊ विमाने व विमानवेधी तोफा यांच्या माऱ्यातून निसटलेले विमानही कित्येकदा इंजिने निकामी झाल्याने किंवा इंधन संपल्याने किनारा गाठण्यापूर्वीच पाण्यात उतरे. अशा वैमानिकांना शोधून वाचविण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, ती हवाई-सागरी बचाव सेवा होय.

या क्षेत्रात आरंभी जर्मनी पुढे होता. युद्धाच्या प्रारंभीच त्याच्याकडे समुद्रावर उतरणारी बचाव विमाने होती; त्याच्या वैमानिकांजवळ एकट्यापुरती रबरी होडी व पाणी हिरवे करणारा रंग असे. १९४० मधील ब्रिटनच्या लढाईत मात्र अनेक ब्रिटिश वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरूनही समुद्रात बुडाले. या हानीनंतर १९४१ मध्ये ब्रिटनच्या शाही वायुदलाने स्वतंत्र बचाव सेवा स्थापन केली. ‘समुद्राला ते मिळणार नाहीत’ अशा अर्थाचे तिचे ब्रीदवाक्य होते. वेगवान मोटारनौका आणि जमिनीवर तसेच पाण्यावरही उतरू शकणारी वॉलरस विमाने ही तिची मुख्य साधने होती.

१७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेच्या आठव्या वायुदलाच्या १२ बी-१७ विमानांनी फ्रान्समधील रूआंजवळच्या रेल्वे यार्डावर पहिला हल्ला केला. त्या वेळी या दलाकडे स्वतःची बचाव यंत्रणा नव्हती. ते ब्रिटिश सेवेवरच अवलंबून होते. ९ ऑक्टोबर १९४२ च्या लील येथील हल्ल्यानंतर समुद्रात उतरलेल्या एका बी-१७ मधील सर्व वैमानिकांना ब्रिटिशांनी वाचविले. पण असे यश त्या काळात अपवादात्मकच होते.

पाण्यावर उतरणे मुळातच धोक्याचे होते. बी-१७ चे पंख खालच्या बाजूस असल्याने ते विमान थोडा वेळ तरी तरंगे आणि आतील दहा जणांना रबरी होड्यांत उतरण्यास अवसर मिळे. बी-२४ चे पंख वर होते व बॉम्बकक्षाची दारे कमकुवत होती. पाण्याचा आघात होताच ती आत दबत आणि विमान मोडे. यातून वाचलेल्यांपुढे थंडीचे संकट उभे राही. हिवाळ्यात उत्तर समुद्राच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात बधिर होत आणि होडीत चढण्याचेही बळ उरत नसे. शिवाय लाटांमध्ये लहानशी होडी वरून दिसणे फार अवघड असे. म्हणजेच खरा प्रश्न नौकांच्या संख्येचा नव्हता; माणूस पाण्यात पडल्यापासून तो दृष्टीस पडेपर्यंतचा वेळ कमी करण्याचा होता.

त्यासाठी प्रथम बिनतारी संदेशाचा उपयोग झाला. संकटातील वैमानिकाने ‘मेडे’ अशी हाक दिली की किनाऱ्यावरील केंद्रे संदेश कोणत्या दिशेने आला हे टिपत. निरनिराळ्या केंद्रांनी टिपलेल्या दिशारेषा जेथे छेदत, तेथे विमानाचे स्थान निश्चित होई. होडीत हाताने फिरवून चालविण्याचे प्रेषकयंत्रही असे. त्याची तार पतंगाच्या साहाय्याने उंच चढवीत. मधोमध बारीक असलेल्या आकारामुळे त्याला ‘गिब्सन गर्ल’ म्हणत. हाती लागलेल्या जर्मन यंत्रावरूनच त्याची रचना केलेली होती.

मे १९४४ मध्ये अमेरिकी ६५ व्या फायटर विंगने बॉक्सटेड येथे स्वतःची शोध तुकडी उभारली. आघाडीवरील लढाईसाठी जुनी ठरलेली पी-४७ थंडरबोल्ट विमाने तिला देण्यात आली. पंखांखाली रबरी होड्या व धुराचे खूणबाण घेऊन ही विमाने हल्ल्याच्या वेळीच समुद्रावर गस्त घालीत. हाक येताच ती त्या जागी धावत, होडी टाकीत आणि वॉलरस किंवा मोटारनौका येईपर्यंत वर घिरट्या घालीत. अशा रीतीने लढाईस निरुपयोगी झालेली विमाने जीव वाचविण्याच्या कामी आली.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीवर सैन्य उतरले, तेव्हा अमेरिकी तटरक्षक दलाच्या ८३ फुटी ६० नौका पूल बंदरातून बचावासाठी निघाल्या होत्या. लाकडी आणि पेट्रोलवर चालणाऱ्या असल्याने त्यांना ‘काडेपेट्यांचा ताफा’ असे नाव पडले. त्यांनी पहिल्याच दिवशी ४०० हून अधिक जणांना पाण्यातून बाहेर काढले.

जानेवारी १९४५ मध्ये थंडरबोल्टांच्या तुकडीचे पाचव्या आपत्कालीन बचाव स्क्वाड्रनमध्ये रूपांतर झाले व तिला पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमानेही मिळाली. विमानातून हवाई छत्रीने टाकावयाच्या जीवनरक्षक नौकेचा उपयोग ब्रिटिशांनी १९४३ मध्येच सुरू केला होता. उफा फॉक्स यांनी रचलेल्या या नौकेत शिडे व इंजिन दोन्ही असल्याने वाचलेल्यांना स्वतःच किनाऱ्याकडे येता येई. पुढे अमेरिकेनेही अशी नौका बी-१७ विमानाच्या पोटाखाली बसविली.

ब्रिटनभोवतीच्या समुद्रांतून मार्च १९४५ अखेरपर्यंत ब्रिटिश व अमेरिकी पथकांनी मिळून १,९७२ अमेरिकी वैमानिकांना वाचविले. युद्धात २६,००० हून अधिक माणसे गमावणाऱ्या आठव्या वायुदलाच्या दृष्टीने ही संख्या लहान वाटेल. परंतु एक वैमानिक तयार होण्यास दीर्घ प्रशिक्षण लागे. आणि पाण्यात पडलो तरी कोणीतरी शोधावयास येईल, हा विश्वास प्रत्येक उड्डाणात सोबत असे. युद्धानंतर १९४६ मध्ये अमेरिकेने स्वतंत्र हवाई बचाव सेवा स्थापन केली. तिच्यामागे उत्तर समुद्रावरील हाच अनुभव होता.