नापास आधी, परीक्षा नंतर

न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकात एखादे मूल शालान्त परीक्षेत माओरी भाषेच्या पेपराला बसले, तर त्याचा निकाल केवळ त्याच्या माओरीवर ठरत नसे. तो विषय घेणारी इतर मुले इंग्रजीत आणि गणितात कशी आहेत, यावरही तो ठरे. प्रत्येक विषयाचे उमेदवार आपल्या बाकीच्या विषयांत सरासरी किती गुण मिळवतात हे पाहून त्या विषयाचे गुण वरखाली सरकवले जात. लॅटिन किंवा फ्रेंच घेणारी मुले बहुधा सगळ्याच विषयांत पुढे असत, म्हणून त्या भाषांत उत्तीर्णांचे प्रमाण भरघोस राही. माओरी घेणारी मुले इतर विषयांत मागे असत, म्हणून माओरीतील उत्तीर्णांचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळे. हिशेबाच्या अंगाने पद्धतीत खोट काढणे कठीण होते. सोपा विषय निवडल्याचा फायदा कुणाला मिळू नये, एवढाच तिचा हेतू. पण ज्या भाषेत आजीने लहानाचे मोठे केले, त्याच भाषेत नापासाचा शिक्का मिळालेल्या मुलाला हा हिशेब कोण समजावून सांगणार होते? २००२पासून तिथे लागू झालेल्या ‘एनसीईए’ या प्रमाणपत्राची आज बरीच टवाळी होते. ते कोणत्या अन्यायावरचा उतारा म्हणून जन्मले हे मात्र विसरले जाते. मला म्हणायचे आहे ते असे: त्यामागचे तत्त्व खरे होते आणि आजही आहे. बिघाड झाला तो त्या तत्त्वाच्या जोडीला घेतलेल्या क्रेडिटच्या चलनामुळे, आणि हे दोन्ही वेगळे न ओळखल्यामुळे आता तत्त्वही टाकून दिले जाण्याचा धोका आहे.

जुन्या परीक्षेचे नाव ‘स्कूल सर्टिफिकेट’. साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुले तिला बसत. ती १९३४मध्ये सुरू झाली आणि १९४४च्या थॉमस समितीच्या अहवालानंतर तिला नवे रूप मिळाले. तो काळ मोठ्या आशेचा होता. प्रत्येक मुलाला, मग त्याची बौद्धिक कुवत कितीही असो, त्याला साजेसे शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, अशी भूमिका शिक्षणमंत्री पीटर फ्रेझर यांनी १९३९मध्ये जाहीरपणे घेतली होती. तिच्यामागे क्लॅरेन्स बीबी होते. १९४०पासून वीस वर्षे ते देशाच्या शिक्षण खात्याचे संचालक राहिले. शाळा सोडण्याचे किमान वय १९४४मध्ये पंधरा झाले आणि पूर्वी जी मुले माध्यमिक शाळेचा उंबरठाही ओलांडत नसत, ती वर्गात येऊन बसली. दार सर्वांसाठी उघडले, पण बाहेर पडतानाची चाळणी जुनीच राहिली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तर इंग्रजी धरून चार विषयांत मिळून दोनशे गुण झाले नाहीत, तर मुलाच्या हाती काहीच पडत नसे. पुढे विषयवार उत्तीर्ण होण्याची सोय झाली, तरी एकंदरीत सुमारे निम्मे पेपर नापासांच्या बाजूला जाणार, हे गणित कायम होते. सर्वांना शिकवण्याचे वचन देणाऱ्या राज्याने निम्म्यांच्या अपयशाची तजवीज परीक्षेतच करून ठेवली होती.

याहून विलक्षण होते त्याच्या पुढच्या वर्षाचे ‘सिक्स्थ फॉर्म सर्टिफिकेट’. त्यात १ ते ९ अशा श्रेणी, १ सर्वोत्तम. मूल्यमापन शाळेतच होई, पण कोणत्या शाळेला किती चांगल्या श्रेणी वाटता येतील हे त्याच मुलांच्या आदल्या वर्षीच्या स्कूल सर्टिफिकेटच्या निकालावरून आधीच ठरलेले असे. एखाद्या गरीब वस्तीतल्या शाळेने वर्षभर जीव तोडून शिकवले आणि सगळा वर्गच्या वर्ग वर आला, तरी वाटायच्या श्रेणी तेवढ्याच. एकाला वरची श्रेणी द्यायची तर दुसऱ्याची काढून घ्यावी लागे. शिक्षकाच्या कष्टाचे आणि मुलाच्या प्रगतीचे इतके नेमके खच्चीकरण करणारी व्यवस्था शोधूनही सापडणार नाही. आणि तिचा बचाव ‘दर्जा राखणे’ या शब्दांत केला जात होता.

या पार्श्वभूमीवर १९९०मध्ये न्यूझीलंड क्वालिफिकेशन्स अथॉरिटी स्थापन झाली. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करायची नाही, आधी लिहून ठेवलेल्या मानकाशी करायची, हा तिचा पाया. सुरुवातीची ‘युनिट स्टँडर्ड्स’ कारखान्यातल्या कौशल्यांसाठी शोभणारी होती: जमले किंवा जमले नाही, मधले काही नाही. कविता समजण्याला आणि वेल्डिंग जमण्याला एकच माप लावल्यासारखे ते होते. विद्यापीठे आणि बऱ्याच शाळा बिथरल्या. १९९८मध्ये सरकारने तडजोड काढली आणि तिच्यातूनच एनसीईए घडले: पहिली पातळी २००२मध्ये, दुसरी २००३मध्ये, तिसरी २००४मध्ये. प्रत्येक विषयाचे तुकडे पाडून त्यांची मानके झाली. गणितात बीजगणित वेगळे, संख्याशास्त्र वेगळे. इंग्रजीत भाषण वेगळे, अपठित उताऱ्याचे आकलन वेगळे. काही मानके शाळा तपासते, काही वर्षाअखेरच्या बाह्य परीक्षेत तपासली जातात. प्रत्येकाचा निकाल चार शब्दांत: नॉट अचीव्ह्ड, अचीव्ह्ड, मेरिट, एक्सलन्स. मानक पुरे झाले की ठरलेली क्रेडिट मिळतात, आणि एका पातळीच्या प्रमाणपत्राला दीर्घकाळ ८० क्रेडिट लागत. विद्यापीठासाठी वेगळी अट: तिसरी पातळी, तीन मान्य विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट, शिवाय भाषा आणि गणिताचे किमान ज्ञान.

यातून मुलाला काय मिळाले हे आधी नीट पाहायला हवे. पूर्वी गणितात ४६ गुण पडलेल्या मुलाला आपल्याला नेमके काय येत नाही हे कागदावरून कळत नसे. आता आकडेवारी वाचण्यात मेरिट आणि बीजगणितात नॉट अचीव्ह्ड, असे स्पष्ट दिसू लागले. काय केले म्हणजे मेरिट मिळते हे वर्षाच्या सुरुवातीलाच छापील स्वरूपात हाती पडू लागले. यावर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला आणि तो वजनदार आहे: शब्दांत लिहिलेले मानक दरवर्षी, दर विषयात सारखे राहतेच कशावरून? ‘सखोल आकलन’ म्हणजे किती खोल? वॉरिक एली यांच्यासारखे ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ हेच विचारत होते. २००४च्या स्कॉलरशिप परीक्षेने त्यांना पुरावाच दिला. सर्वांत हुशार मुलांसाठीच्या या परीक्षेत गुण सरकवण्याची पद्धत बंद केली होती. परिणामी काही विषयांत शिष्यवृत्त्यांची खैरात झाली, तर काहींत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. वर्षभर गदारोळ झाला, सरकारी चौकशी झाली, प्राधिकरणाच्या प्रमुखांना जावे लागले. त्यानंतर बाह्य परीक्षांचे निकाल अपेक्षित प्रमाणांशी ताडून पाहण्यावर भर आला. जुन्या पद्धतीचे समर्थक म्हणाले, बघा, शेवटी आमच्याकडेच आलात. मला हा निष्कर्ष पटत नाही. पेपर यंदा अवघड निघाला का हे ओळखण्यासाठी गेल्या वर्षीच्या निकालाकडे पाहणे वेगळे, आणि या मुलांना याहून जास्त यश मिळूच द्यायचे नाही असे ठरवणे वेगळे. पहिल्यात प्रश्नपत्रिकेची परीक्षा होते, दुसऱ्यात मुलाचे भवितव्य गोठवले जाते. मानक नुसत्या शब्दांवर टिकत नाही, त्याला नमुना उत्तरपत्रिका आणि एकत्र बसून वाद घालणारे परीक्षक लागतात, एवढे मात्र त्या वर्षाने कायमचे शिकवले.

खरी दुखरी जागा क्रेडिटची आहे. वेगवेगळ्या विषयांतील यशाची बेरीज करता यावी म्हणून क्रेडिट आले: कामाच्या अंदाजे दहा तासांना एक. पण ज्याची बेरीज करता येते ते लोक साठवू लागतात. ८० झाली की उरलेल्या परीक्षांना मुले बसेनाशी झाली. अवघड बाह्य मानक टाळून सोपे अंतर्गत मानक घेणे हा शहाणपणा ठरला, आणि शाळांनीही त्याला हातभार लावला. सरकारने नेमलेल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांना ‘पुरेसे झाले की थांबायचे’ ही वृत्ती स्पष्ट दिसली. म्हणून २००७पासून ५० क्रेडिट मेरिटची किंवा एक्सलन्सची असतील तर प्रमाणपत्रावर तशी नोंद होऊ लागली. हुशार मुलांसाठी त्याचा उपयोग झाला. पण २०१२मध्ये सरकारने लक्ष्य ठेवले की २०१७पर्यंत अठरा वर्षांच्या ८५ टक्के तरुणांकडे दुसरी पातळी असावी. ते लक्ष्य जवळपास गाठलेही गेले. त्याच काळात पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या न्यूझीलंडच्या मुलांचे गणित घसरतच होते: २००३मध्ये सरासरी ५२३, २०२२मध्ये ४७९. घसरणीची कारणे अनेक आहेत, प्राथमिक शाळेतली आहेत, त्यामुळे तिचे खापर एका प्रमाणपत्रावर फोडणे अन्यायाचे होईल. पण प्रमाणपत्रे वाढताहेत आणि येणे कमी होते आहे, ही गोष्ट इतकी वर्षे प्रमाणपत्राने लपवली, हा आरोप खोडता येत नाही. विद्यापीठांनीही प्रवेशासाठी उत्तम ८० क्रेडिट मोजून एक्सलन्सला चार, मेरिटला तीन, अचीव्ह्डला दोन असा भाव लावला, कमाल ३२०. क्रमवारी मागच्या दाराने परत आली, आणि तीही विषयाच्या खोलीवर नव्हे, तर तुकड्यांच्या बेरजेवर.

दुसरा नेहमीचा आक्षेप शाळेच्या हातातील गुणांवर असतो, आणि तो महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. दहावीच्या भाषा विषयांतील अंतर्गत गुण काढून घेतल्यावर राज्य मंडळाचा निकाल २०१८मधील ८९.४१ टक्क्यांवरून २०१९मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. गुण परत दिल्यावर २०२०मध्ये तो ९५.३० टक्के झाला. यावरून शाळांवर विश्वास ठेवूच नये असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडे त्या वीस गुणांसाठी नेमके काय यायला हवे हे कुणी काटेकोर लिहिलेले नव्हते आणि दिलेले गुण बाहेरून कसोशीने पडताळले जात नव्हते. न्यूझीलंडमध्ये निदान मानक लिहिलेले आहे आणि शाळांनी तपासलेल्या कामाचे नमुने प्राधिकरण मागवून तपासते. हे पुरेसे आहे असे माझे म्हणणे नाही. निम्म्याहून अधिक भार अंतर्गत मूल्यमापनावर गेल्यावर ते पुरेसे राहिले नाही. परंतु तीन तासांच्या पेपरात भाषण, प्रयोग, दीर्घ संशोधन यांतले काहीच मावत नाही. ते सगळे सोडून देणे हा ज्ञानाचाच संकोच आहे.

दुरुस्तीचे प्रयत्न अलीकडे झाले. वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या स्वतंत्र चाचण्या तयार झाल्या. २०२१च्या पहिल्या प्रायोगिक फेरीत लेखनाच्या चाचणीत सुमारे एक तृतीयांश मुलेच उत्तीर्ण झाली आणि देश हादरला. क्रेडिटच्या ढिगाखाली काय दडले होते ते एका चाचणीने उघड केले, आणि ती चाचणीही मानकावरच बेतलेली होती हे विसरता कामा नये. २०२४पासून पहिल्या पातळीवर विषयाचे चारच मोठे तुकडे झाले, दोन अंतर्गत, दोन बाह्य. ही दिशा योग्य होती. मग ऑगस्ट २०२५मध्ये पंतप्रधान ख्रिस्तोफर लक्सन आणि शिक्षणमंत्री एरिका स्टॅनफर्ड यांनी एनसीईएच मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला: शाळेच्या अकराव्या वर्षी फक्त भाषा-गणिताचा पायाभूत दाखला, पुढच्या दोन वर्षांसाठी दोन नवी प्रमाणपत्रे, किमान पाच विषय घ्यायचे आणि चारांत उत्तीर्ण व्हायचे, शंभरपैकी गुण, ए ते ई श्रेणी.

विषय पुन्हा सलग होणार याचे मी स्वागत करतो. क्रेडिट गोळा करण्याचा धंदा त्याने बंद होईल. पण शंभरपैकी गुण हे आपोआप काहीच सांगत नाहीत. पन्नासची रेघ कुठे पडणार आणि ती कोण, कशाच्या आधारे ओढणार, यावर सगळे अवलंबून आहे. विषयात काय यायला हवे याच्या जाहीर वर्णनावरून ती ओढली, तर साठ वर्षांच्या चुकांतून शिकलेले टिकेल. यंदा किती जणांना वर सोडायचे या अंदाजावरून ओढली, तर स्कूल सर्टिफिकेटच नव्या नावाने परत येईल, आणि या वेळी ते ओळखायला कठीण जाईल, कारण ‘मानक’ हा शब्द कागदावर तसाच असेल. म्हणून प्रत्येक विषयाच्या निकालाबरोबर ती रेघ कशी ठरली, कोणत्या नमुना उत्तरपत्रिकांवर ठरली आणि आकडे सरकवले असतील तर किती व का, हे दरवर्षी छापण्याचे बंधन कायद्यानेच प्राधिकरणावर घालायला हवे.