न झालेल्या राजधानीत

आमच्या आजोबांच्या हातून दोन राजधान्या निसटल्या, आणि दोन्ही एकाच दिवशी. १ नोव्हेंबर १९५६. तोवर ते नागपूरच्या हायकोर्टात कारकून होते, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत राहत होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि त्याचं राजधानीपण संपलं. नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला आलं. कोर्टाबरोबर नागपूरची काही माणसं आली, त्यांत आजोबा. राजधानीही जबलपूरलाच होणार, असं त्यांनी आजीला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. राज्यपुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५च्या अहवालात तशी शिफारसच केली होती. पण आजोबा पत्र्याची काळी पेटी घेऊन जबलपूरच्या फलाटावर उतरले, तोवर राजधानी भोपाळला गेली होती.

ही पेटी मी पाहिलेली आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव आणि खाली ‘नागपूर ते जबलपूर’ एवढंच. कुलूप कधीच हरवलेलं. सुट्टीत आजोळी गेलो की आम्ही मुलं त्या पेटीवर बसून जेवायचो आणि आजोबा समोरच्या पाटावरून गोष्ट सुरू करायचे. गोष्ट एकच, राजधानी का गेली याची. तपशील मात्र दर सुट्टीत बदलायचे. कधी म्हणायचे, भोपाळला नबाबाचे वाडे आणि सरकारी इमारती आयत्या होत्या, इथे सगळं बांधावं लागलं असतं. कधी म्हणायचे, दिल्लीला भोपाळवर नजर ठेवायची होती, कारण ते संस्थान भारतात विलीन झालंच मुळी १९४९ मध्ये, फार कुरकुरत. आणि एकदा, आवाज बारीक करून, ‘बड्या लोकांनी इथे आधीच जमिनी घेऊन ठेवल्या होत्या रे.’ यातलं खरं किती आणि गोलबाजारच्या पारावर शिजलेलं किती, हे मी कधी तपासलं नाही. जबलपूरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, यातलं एक तरी कारण तो तुम्हाला सांगेलच.

आजीची गोष्ट लहान होती. नवं राज्य जन्मलं ते ऐन दिवाळीत. राजधानी गेली म्हणून त्या वर्षी गल्लीत कित्येक घरांनी पणत्या लावल्या नाहीत, असं ती सांगायची. शहर चिडलेलं, आणि ही बाई चार दिवसांपूर्वी तिथे आलेली. ‘मग तू काय केलंस?’ मी विचारायचो. ‘एक लावली. मागच्या दारी, तुळशीपाशी. घरमालकिणीनं पाहिली, पण बोलली नाही काही.’ तिकडे भोपाळला मध्यरात्री रविशंकर शुक्लांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि दोनच महिन्यांत, ३१ डिसेंबरला, ते वारले. आजोबा यात अर्थ शोधायचे. ‘अवसेच्या तोंडावर कुणी राज्य मांडतं का?’ आजी म्हणायची, ‘पुरे झालं. राजधानी गेली, पण नर्मदा मिळाली ना!’

आता जबलपुरात आमचं कुणी नाही. आजोळचं घर विकून वीस वर्षं होऊन गेली. तरी दोन-तीन वर्षांतून एकदा मी जातो, आणि पुण्यातले मित्र विचारतात, ‘मार्बल रॉक्स पाहिलेस ना एकदा? मग परत काय?’ खरं म्हणजे भेडाघाटसाठी मी जातच नाही. संगमरवरी कडे सुंदर आहेत, धुआंधार धबधब्याचे तुषार अंगावर घ्यावेत, नावाडी यमकं जुळवत जे काही सांगतो ते ऐकून हसावं. त्याबद्दल वाचायला भरपूर आहे. मी जातो ते आजोबांच्या गोष्टी जागेवर ताडून पाहायला. दर खेपेला एखादी खोटी निघते, एखादी खरी.

खोटी निघालेली एक सांगतो. मराठे इथे राज्य करून गेले, हे आजोबांनी इतक्या थाटात सांगितलं होतं की मी शहरभर एखादा वाडा शोधत फिरलो होतो. प्रत्यक्षात जबलपूर ज्यात येतं ते गढा-मंडला १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आलं, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांना मिळालं आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतलं. छत्तीस वर्षं. त्यातही कारभार मुख्यतः वसुलीचा. मराठी पर्यटकानं इथे येऊन मिशीला पीळ भरावा असं त्यात फारसं काही नाही. हे म्हातारपणी आजोबांनीही कबूल केलं होतं: ‘आपण इथे वसूल करून गेलो. तळी बांधली ती गोंडांनी.’

ती तळीही बरीचशी नावापुरतीच उरली आहेत. राणी दुर्गावतीनं बांधलं ते रानीताल, उरलेल्या मातीतून तिच्या दासीनं बांधलं ते चेरीताल, दिवाण आधारसिंहाचं ते आधारताल, असं लोक सांगतात. आज रानीतालावर क्रीडासंकुल आहे आणि चेरीताल हा एक मोहल्ला आहे. रिक्षावाला ‘चेरीताल उतरना है क्या?’ विचारतो, तेव्हा त्या दासीचं नाव दिवसातून शंभरदा घेतलं जातं, हे त्याच्या ध्यानीही नसतं. राणी १५६४ मध्ये आसफखानाशी लढताना पडली. बरेल्याच्या बाजूला तिची समाधी आहे, आणि वाटेनं जाणाऱ्यानं तिथे एक पांढरा खडा ठेवायची रीत आहे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबानंही या खड्यांबद्दल लिहून ठेवलंय.

खरी निघालेली गोष्ट घरमालकांची. ते आजोबांपेक्षा वयानं मोठे, जन्माचे जबलपुरी, संध्याकाळी ओट्यावर बसून सुपारी कातरायचे. मार्च १९३९ मध्ये शहराजवळ त्रिपुरी काँग्रेस भरली तेव्हा ते शाळकरी होते. काँग्रेसचं ते बावन्नावं अधिवेशन, म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती. अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले, म्हणून मिरवणुकीत त्यांची तसबीर. ते स्वतः सभेत आले ते स्ट्रेचरवरून. गांधीजी राजकोटला. काँग्रेस तिथे दुभंगत होती, हे पुढे पुस्तकांत वाचलं. घरमालकांना त्यातलं काहीच आठवत नसे. त्यांना आठवायची हत्तींनी रस्त्यावर टाकलेली लीद आणि ती उचलायला टोपल्या घेऊन धावलेल्या बायका. ‘बड्डे, पूरा मोहल्ला लीप लिया था उस साल,’ ते म्हणायचे. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेला कमानिया गेट अजून बाजाराच्या मधोमध उभा आहे. त्याच्याखालून जाताना मला आधी लीद आठवते, मग सुभाषबाबू.

तिथून दोन पावलांवर खव्याची जिलबी मिळते. ही जिलबी आपल्यासारखी केशरी, कुरकुरीत नसते. खवा आणि तवकिराच्या पिठाची, बोटाएवढ्या जाडीची, तळून जवळजवळ काळी झालेली, आतून गुलाबजामासारखी मऊ. पानावर ठेवली की पाक हळूहळू कडेला येतो. आजोबा एकच घ्यायचे आणि उभ्यानं, पुढे वाकून, धोतरावर थेंब न पाडता खायचे. मला ते आजही जमत नाही.

पण ज्या गोष्टीसाठी मी पुनःपुन्हा जातो, ती भेडाघाटच्या रस्त्यावर आहे. मी आठवीत असताना एकदा आजोबा म्हणाले, ‘चल, तुला राजधानी दाखवतो.’ मला वाटलं, भोपाळला जायचंय. बसनं अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी मला उतरवलं ते तेवर नावाच्या खेड्यात. म्हशी, शेणाच्या गोवऱ्या, एक हातपंप. पिंपळाखाली शेंदूर फासलेले, नाक झिजलेले देव. हातपंपापाशी एक बाई धुणं आपटत होती, आणि ज्या दगडावर आपटत होती त्याच्या कडेला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या होत्या. आजोबांनी चपला काढल्या. मी लाजून इकडेतिकडे पाहू लागलो.

हीच त्रिपुरी, कलचुरींची राजधानी. १९३९च्या अधिवेशनाला नाव मिळालं ते हिचंच. अकराव्या शतकात इथल्या गांगेयदेवानं बसलेल्या लक्ष्मीचं सोन्याचं नाणं पाडलं, आणि पुढे उत्तरेतल्या कितीतरी राजांनी त्याची नक्कल केली. त्याचा मुलगा कर्ण. त्यानं थेट काशीला कर्णमेरू नावाचं देऊळ उभारलं. हे सगळं आजोबांना ठाऊक होतं ते नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींमुळे. त्यांनी कलचुरींचे शिलालेख संपादून १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आजोबांनी नागपुरात त्यांची व्याख्यानं ऐकली होती. राजधानी जायच्या आदल्याच वर्षी एका नागपूरकरानं जबलपूरला त्याची जुनी राजधानी मिळवून दिली, असा आजोबांचा हिशेब होता. मला तो भाबडा वाटतो, पण आवडतो.

त्या दिवशी धुण्याच्या दगडाकडे बघत आजोबांनी आणखी एक सांगितलं. दहाव्या शतकात राजशेखर नावाचा कवी कनोजचा दरबार सोडून या त्रिपुरीच्या दरबारी आला. संस्कृत नाटककार, ‘काव्यमीमांसा’ लिहिणारा. त्याचं घराणं यायावरांचं, आणि पणजोबा अकालजलद, ज्याला तो स्वतः ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. म्हणजे मूळचा आपल्याकडचा, एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत बदली होऊन आलेला माणूस. आजोबा हसले. ‘माझ्या आधी हजार वर्षं. फरक एवढाच, तो आला तेव्हा राजधानी जागेवर होती.’

धुणं आपटणाऱ्या बाईनं हात थांबवून विचारलं, ‘बाबूजी, कुछ खो गया है क्या?’ आजोबा म्हणाले, ‘नहीं बाई, मिल गया.’

विनोबांनी जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हटलं, असं तिथे सगळे सांगतात. शहरानं ते नाव पाट्यांवर, भाषणांत, लग्नपत्रिकांतसुद्धा मिरवलं. आजोबांना त्यात समजूत घातल्याचा वास यायचा. आजीला मात्र ते नाव आवडायचं.

नैनपूर करत डुलत डुलत जबलपूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली. आता त्या वाटेवर ब्रॉडगेज आहे. पुण्या-मुंबईहून इटारसीमार्गे जाता येतं. पोचलात की सगळेच भेडाघाट गाठायची घाई करतात, आणि तेवर आहे ते नेमकं त्याच रस्त्यावर. रिक्षावाल्याला निघतानाच सांगून ठेवा, नाहीतर तो तिथे थांबत नाही.